जुन्या लाकडी लेनवर बोलिंग : नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

दोन-तीन महिने गुळगुळीत सिंथेटिक लेनवर, म्हणजे जड बॉल लोळवून टोकाच्या दहा पिना पाडायच्या लांब पट्टीवर, खेळून ज्याचा हात बऱ्यापैकी बसला आहे, असा माणूस पहिल्यांदा जुन्या लाकडी लेनवर उभा राहतो, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच त्याची खात्री पटते की आपला हात बिघडला. तोच बॉल, तीच पावले, नेम धरण्याचा लेनवरचा तोच बाण. तरीही एकदा बॉल पुढच्या पिनच्या डावीकडून निघून जातो आणि लगेच पुढच्या फेकीला उजवीकडे इतका दूर राहतो की जेमतेम तीन पिना पडतात. कोल्हापुरातल्या ज्या हॉलमध्ये मी हा खेळ शिकलो, तेथे चार लाकडी लेन आहेत आणि चारही एकमेकींशी फटकून वागतात. हॉलचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे त्याच्याविषयी बऱ्याच तक्रारी येणार आहेत आणि मला तेथे अजून खेळायचे आहे.

तेथे लेनची देखभाल करणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. ते मूळचे सुतार असून आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. माझा पहिला महिना पाहून झाल्यावर ते म्हणाले होते, “बॉल तुझं ऐकत न्हाई, फळीचं ऐकतोय. मग तू बी फळीचं ऐक की जरा.” ते वाक्य समजायला मला जवळजवळ वर्ष लागले. आपले इतके दिवस जाऊ नयेत म्हणून हा क्रम लिहून काढला आहे.

सर्व आकडे उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहेत आणि लेनच्या फळ्या उजव्या गटरपासून, म्हणजे कडेच्या चरापासून, मोजल्या आहेत. डावखुऱ्यांनी डावीकडून मोजावे आणि दिशा उलट धराव्यात.

बरोबर काय असावे

कागदपत्रे काहीही लागत नाहीत. साहित्यही थोडेच लागते, पण त्यातले एकही वगळू नये.

- खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल.
- बॉल पुसण्यासाठी कोरडा टॉवेल. स्पर्धेत बॉलवर द्रव क्लीनर वापरू देत नाहीत, त्यामुळे कोरड्या टॉवेलचीच सवय ठेवावी.
- शक्यतो स्वतःचे शूज आणि त्यांचा तळ खरवडण्यासाठी तारेचा लहान ब्रश.
- स्पेअरसाठी, म्हणजे पहिल्या फेकीनंतर उरलेल्या पिना पाडण्यासाठी, प्लास्टिकचा (पॉलिएस्टरचा) बॉल. हॉलमधले बहुतेक बॉल याच प्रकारचे असतात, त्यामुळे विकत घेण्याची घाई नको.
- अंगठ्याच्या छिद्रात लावण्यासाठी बोलिंगची चिकटपट्टी. दमट दिवशी अंगठा फुगतो आणि कोरड्या दिवशी सैल पडतो. पट्टीचे तुकडे काढून-लावून पकड सारखी ठेवता येते.

१. लेन कशाची आहे हे आधी समजून घ्या

फाउल लाइनपासून, म्हणजे फेकताना ओलांडायची नसते त्या रेघेपासून, पुढच्या पिनपर्यंत लेनची लांबी ६० फूट असते आणि रुंदी ४१.५ इंच. ही रुंदी उभ्या ठेवून एकमेकींना खिळ्यांनी जोडलेल्या ३९ अरुंद फळ्यांची मिळून होते. खेळाडू तिला बोर्ड म्हणतात, मी येथे फळी म्हणतो. एक फळी इंचापेक्षा किंचित जास्त रुंद असते. फाउल लाइनच्या पुढे १२ ते १६ फुटांच्या पट्ट्यात सात बाण असतात आणि ते दर पाचव्या फळीवर येतात. म्हणजे उजवीकडून दुसरा बाण दहाव्या फळीवर, तर मधला चौथा बाण विसाव्या फळीवर.

लाकूड सगळीकडे एकच नसते. सुरुवातीचे साधारण १५ फूट मेपलचे असतात, कारण बॉल तेथे आदळतो आणि मेपल कठीण असते. मधला लांब भाग पाइनचा असतो, जो तुलनेने मऊ असतो. पिना उभ्या राहतात ती जागा पुन्हा मेपलची. मेपल आणि पाइन जिथे भेटतात, तिथे फळ्या एकाआड एक पुढे-मागे ठेवून बोटांत बोटे गुंफल्यासारखा सांधा केलेला असतो. जुन्या लेनवर हा सांधा शोधायला डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडतो, कारण बॉल त्यावरून जाताना घरघर बदलते आणि एखादी फळी वर आलेली असेल तर स्पष्ट ‘टक्’ असा आवाज होतो.

लाकडावर युरेथेनसारख्या पॉलिशचा थर असतो आणि त्यावर तेल पसरलेले असते. नेहमीच्या खेळासाठी तेल साधारण ४० फुटांपर्यंत घालतात, मधल्या फळ्यांवर जास्त आणि कडेला कमी. तेलावर बॉल घसरत पुढे जातो, तेल संपले की लाकडाला पकड घेतो, वळतो आणि शेवटी सरळ लोळू लागतो. थर शाबूत असेल तोपर्यंत लेनचे वागणे बरेचसे समजण्यासारखे असते. तो जिथे उडालेला असतो, तिथे उघडे लाकूड तेल पिऊन टाकते आणि तेलाच्या मधोमध एक कोरडा डाग तयार होतो. त्यावरून जाणारा बॉल ४० फुटांवर वळायच्या ऐवजी २० फुटांवरच वळू पाहतो. नवख्याला वाटते, मनगट फिरले.

दुसरी गोष्ट उताराची. नियमानुसार लेनच्या आडव्या सपाटीत ०.०४० इंचाचाच फरक चालतो, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. जुन्या लाकडाला ऋतू असतात. ज्यांच्या जुन्या घराचे दार आषाढात चौकटीत अडते आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळे होते, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तेच लाकूड ६० फूट लांब अंथरले तर एक मिलिमीटर कुठल्या कुठे जातो.

पैलवानांच्या गावात हे सांगायला एक सोपा दाखला आहे. कुस्तीची गादी कोणत्याही गावी नेली तरी गादीच असते. खासबाग कुस्ती मैदानाच्या लाल मातीत मात्र ताक, लिंबू, हळद, तेल किती मुरले आहे आणि ती आज किती ओली आहे, यावर पाय किती रुततो ते ठरते. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभर सिंथेटिक लेन येऊ लागल्या, ती ही गादी. आपण मातीत उतरलो आहोत.

२. बॉल हातात घेण्याआधी विचारा आणि वाकून पाहा

लेन सांभाळणाऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारा : तेल कधी घातले आणि त्यानंतर या लेनवर कोण खेळले? सकाळी तेल घातले आणि दुपारभर वाढदिवसाची पोरे हॉलच्या प्लास्टिकच्या बॉलनी खेळली, तर ते तेल पुढच्या भागातून उचलले जाऊन मागे, पिनांकडे ओढले गेलेले असते. अशा लेनवर बॉल सुरुवातीला कोरड्यावर अडखळतो आणि जिथे वळायला हवा तिथे घसरतो. हे माहीत असले की निम्मे कोडे सुटते.

मग फाउल लाइनच्या अलीकडे उकिडवे बसून, नजर लेनच्या पातळीला आणून वरच्या दिव्यांचे प्रतिबिंब पाहा. प्रतिबिंबाची रेघ जिथे सरळ आहे तिथे फळ्या सपाट आहेत. जिथे ती नागमोडी होते तिथे चढ-उतार आहे. जिथे ती मंद होऊन विझते तिथे थर गेलेला आहे. आमच्या तीन नंबरच्या लेनवर दुसऱ्या बाणाच्या अलीकडे हाताच्या पंजाएवढा एक धुरकट डाग आहे, तो उभ्याने कधीच दिसत नाही.

पाहण्यासाठी लेनवर पाऊल टाकू नका. तेल बुटाला लागते, ते बूट ॲप्रोचवर, म्हणजे फाउल लाइनच्या अलीकडे पावले टाकण्याच्या जागेवर, येतात आणि पुढचा माणूस आपटतो.

३. पाय सरकतो का ते तपासा

हा भाग मी आधी वगळत असे आणि त्याची किंमत मोजली आहे. उजव्या हाताचा खेळाडू शेवटच्या पावलाला डाव्या पायावर काही इंच सरकतो. त्यासाठी त्या बुटाचा तळ गुळगुळीत चामड्याचा असतो. लाकडी ॲप्रोच पावसाळ्यात हवेतला ओलावा धरतो आणि चिकट होतो. एका जुलै महिन्यात, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली त्याच संध्याकाळी, मी बाहेरून थेट आत येऊन पहिली फेक केली. डावा पाय शेवटच्या पावलाला जागीच रुतला, वरचे अंग पुढे गेले, बॉल गटरमध्ये गेला आणि मी फाउल लाइनच्या पलीकडे तेलात गुडघ्यावर पडलो. पुढचे तीन आठवडे जिना एकेक पायरी करून चढावा लागला.

म्हणून बॉल न घेता दोनदा संपूर्ण पावले टाकून सरकून पाहा. पाय अडतो असे वाटले तर तळ तारेच्या ब्रशने खरवडा, पावले थोडी लहान करा आणि सरकण्याची अपेक्षा कमी ठेवा. चामड्याचा तळ पाण्यात भिजू देऊ नका. पावसात कोल्हापुरी चप्पल घालून न फिरणाऱ्या माणसाला यामागचे कारण माहीत असतेच. बोलिंगचे शूज पिशवीतून आणावेत, हॉलच्या आत आल्यावरच घालावेत आणि स्वच्छतागृहात जाताना काढावेत.

एक सापळा येथे हमखास असतो. पाय अडू लागला की कोणीतरी टाल्कम पावडरचा डबा काढतो. पावडर ॲप्रोचवर टाकणे नियमाबाहेर तर आहेच, पण धोकादायकही आहे, कारण ती एका जागी पाय सोडते आणि एक फूट पुढे पुन्हा धरते.

ॲप्रोचच्या फळ्याही जुन्या असतात, हेही ध्यानात ठेवा. आमच्याकडे एक नंबरला फाउल लाइनच्या हातभर अलीकडे एक फळी नखभर वर आलेली आहे. मी तेथे सुरुवात चार बोटे मागून करतो, म्हणजे पाय तिच्या अलीकडेच थांबतो. फाउल लाइनच्या पलीकडे शरीराचा कोणताही भाग टेकला की त्या फेकीच्या सर्व पिना शून्य धरल्या जातात, तेव्हा मागे राहण्यात नुकसान नाही.

४. सरावाच्या फेकी ही खडाखडी समजा

कुस्तीत सलामी झाल्यावर लगेच कोणी डाव टाकत नाही. हातात हात घालून खडाखडी होते, समोरच्याचा जोर कुठे आहे आणि तोल कुठे जातो याचा अंदाज घेतला जातो. सरावाच्या फेकींचा उपयोग नेमका इतकाच आहे. त्या वेळी पिना किती पडल्या हे पाहू नका.

मी चार फेकी अशा करतो. पहिली दुसऱ्या बाणावरून, नेहमीच्या वेगाने. दुसरी जशीच्या तशी. या दोन वेगळ्या गेल्या आणि बाणावरून त्या एकाच फळीवरून गेल्या होत्या, तर प्रश्न लेनचा आहे. बाणावरच वेगळ्या गेल्या होत्या, तर प्रश्न माझा आहे. हा फरक डोळ्यांनी टिपणे हे या संपूर्ण लेखातले सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे कौशल्य आहे, कारण जुन्या लेनवर स्वतःची प्रत्येक चूक फळीच्या माथी मारण्याची सोय असते. तिसरी फेक कडेने, पाचव्या फळीवरून. चौथी आतून, तिसऱ्या आणि चौथ्या बाणाच्या मधून. एवढ्यावरून लेनच्या तिन्ही भागांचा स्वभाव कळतो.

बॉल परत आला की त्याच्यावरच्या तेलाच्या कड्याकडे पाहा. कडे जाड आणि ओले असेल तर लेनवर तेल आहे. जवळजवळ कोरडे असेल तर बॉल लवकर वळणार हे गृहीत धरा. मग पुसा. प्रत्येक वेळी पुसा.

वेग मोजण्याचीही सवय लावून घ्या. बॉल सोडल्यापासून पुढच्या पिनवर आदळेपर्यंत माझ्या फेकीला सुमारे पावणेतीन सेकंद लागतात. मित्राला मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजायला सांगितले की पुरते. जुन्या लेनवर हळू गेलेला बॉल प्रत्येक उताराला बळी पडतो, आणि दमल्यावर वेग कमी झालेला आपल्याला स्वतःला कळत नाही.

५. चाकोरी ओळखा

चाकोरी म्हणजे मुळात गाडीवाटेवर बैलगाडीच्या चाकांनी पाडलेली खोल रेघ. गाडीवान झोपला तरी बैल गाडी त्यातूनच नेतात. जुन्या लाकडी लेनवर अक्षरशः हेच झालेले असते. बहुतेक खेळाडू उजवे, बहुतेकांचे लक्ष्य दुसरा बाण. त्यामुळे आठव्या ते बाराव्या फळीच्या पट्ट्यावरून वर्षानुवर्षे सात-सात किलोपर्यंतचे बॉल जातात. तेथील थर झिजतो, तेल आधी संपते आणि लाकूड दबून एक उथळ पन्हाळ तयार होते. लेनची डावी बाजू त्या मानाने कोरी राहते, म्हणून जुन्या हॉलमधल्या डावखुऱ्यांचे दुःख आणि सुख दोन्ही वेगळे असते.

चाकोरी आहे की नाही हे असे तपासा. एकाच वेगाने तीन फेकी करा : बाणांजवळ पहिली नवव्या फळीवरून, दुसरी अकराव्यावरून, तिसरी तेराव्यावरून. निरोगी लेनवर या तीन फेकी पिनांजवळ तीन वेगळ्या जागी पोचायला हव्यात. पहिल्या दोन किंवा तिन्ही एकाच जागी आल्या, तर त्या चाकोरीतून आल्या.

माझे तीन नंबरच्या लेनवर काय झाले ते सांगतो. बॉल सतत पुढच्या पिनच्या डावीकडे जात होता, म्हणून मी पुढे दिलेल्या नियमाप्रमाणे दोन फळ्या डावीकडे सरकलो. बॉल पुन्हा तिथेच. आणखी दोन फळ्या सरकलो. पुन्हा तिथेच, बॉल धुरकट डागाजवळ येई, किंचित डचमळे आणि जणू कोणी बोट धरून नेल्यासारखा त्याच रेघेला लागे. वैतागून आणखी एक फळी सरकलो तेव्हा तो एकदम उजवीकडेच राहिला आणि पुढच्या पिनला स्पर्शही न करता गेला. मधल्या चार फळ्यांवर काहीच फरक नाही आणि पाचवीवर सगळे उलटेपालटे, याचा अर्थ चाकोरीची भिंत त्या चौथ्या आणि पाचव्या फळीच्या मध्ये होती.

अशा वेळी दोनच मार्ग आहेत आणि मधला मार्ग हा सापळा आहे. चाकोरी बॉलला पॉकेटमध्ये, म्हणजे पहिल्या (सर्वांत पुढच्या) आणि तिच्या मागे उजवीकडच्या तिसऱ्या पिनच्या मधल्या खाचेत, सुमारे साडेसतराव्या फळीवर नेत असेल, तर तिचा आनंदाने उपयोग करा. ती तुमच्या एक-दोन फळ्यांच्या चुका पोटात घालते. ती भलतीकडे नेत असेल, तर पाच-सहा फळ्या एकदम ओलांडून पूर्ण बाहेर पडा : एकतर आत, तिसऱ्या बाणाच्या पलीकडे, जिथे थर शाबूत असण्याची शक्यता जास्त, नाहीतर कडेला, पाचव्या फळीच्या आसपास. नवख्याने आत जावे असे माझे मत आहे, कारण कडेला चुकीला गटर शेजारीच असते. चाकोरीच्या काठावर मात्र खेळू नका. तिथे अर्ध्या फळीच्या फरकाने बॉल एकदा आत पडतो, एकदा बाहेर राहतो, आणि तुम्ही विनाकारण हात बदलत बसता.

६. पाय सरकवा, हात नको

चाकोरीबाहेर आल्यावर नेहमीचा नियम लागू होतो : बॉल ज्या बाजूला चुकतो, त्याच बाजूला पाय न्या. डावीकडे गेला तर डावीकडे, उजवीकडे राहिला तर उजवीकडे. साधारण माप म्हणजे पाय दोन फळ्या आणि नजर एक फळी, दोन्ही एकाच दिशेला.

एका फेकीवरून निर्णय घेऊ नका. जुन्या लेनवर मी सलग दोन चांगल्या फेकी एकाच बाजूला चुकल्याशिवाय हलत नाही, आणि चांगली फेक म्हणजे ठरवलेल्या फळीवरून गेलेली फेक. हललो तर एका वेळी एकच गोष्ट बदलतो (पाय-नजरेची वरची जोडी एकच धरा). पाय, लक्ष्य आणि वेग तिन्ही एकदम बदलले, तर स्ट्राइक (पहिल्याच फेकीत दहाही पिना) पडूनही काही शिकायला मिळत नाही, कारण कशामुळे पडली ते कळत नाही.

मनगट फिरवून जास्त हुक, म्हणजे वळण, काढण्याचा मोह येथे आवरावा. हुक जितका मोठा, तितक्या जास्त फळ्या बॉल ओलांडतो आणि तितक्या जास्त खोड्यांना सामोरा जातो. शक्यतो सरळ, मध्यम वेगाची आणि दर वेळी सारखी निघणारी फेक जुन्या लाकडाला जिंकते. दिसायला ती रुक्ष असते.

७. बॉल कोणता घ्यावा

या लेन ज्या काळात घातल्या गेल्या, त्या काळात बॉल रबराचे किंवा प्लास्टिकचे होते. युरेथेनचे बॉल १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि तेल शोषून लाकडाला घट्ट पकडणारे रिॲक्टिव्ह रेझिनचे बॉल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. सिंथेटिक लेनवर मित्रांकडून ज्याची वाखाणणी ऐकून तुम्ही रिॲक्टिव्ह बॉल घेतला असेल, तो येथे प्रत्येक कोरड्या डागावर उडी मारतो. युरेथेनचा बॉल त्याच डागावर थोडा कलतो आणि पुढे जातो. वळण मोठे नसते, पण सलग असते. युरेथेनचा बॉल नसेल तर रिॲक्टिव्हच्या ऐवजी हॉलचा चांगल्या मापाचा प्लास्टिकचा बॉल घेणे मी केव्हाही पसंत करीन. रिॲक्टिव्हच वापरायचा असेल तर चकचकीत पॉलिश केलेला वापरावा. स्पर्धा सुरू झाल्यावर बॉलचा पृष्ठभाग घासून बदलू देत नाहीत, त्यामुळे जे करायचे ते आधी करून या.

वजनाची कमाल मर्यादा १६ पौंड आहे, पण तेवढा जड बॉल उचलण्यात मर्दुमकी नाही. तिसऱ्या गेमपर्यंत ज्याचा वेग तुम्हाला राखता येतो, तो बॉल तुमचा.

८. स्पेअर सरळ घ्या

जुन्या लेनवर ओळीने स्ट्राइक पडणार नाहीत, हे एकदा मान्य केले की हिशेब बदलतो. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे दोन फेकींच्या फेरीला, पहिल्या फेकीत नऊ पिना पाडून उरलेली एक सोडून दिली तर दहा फ्रेमचे ९० गुण होतात. तीच एक पिन दर वेळी उचलली आणि शेवटच्या जादा फेकीत पुन्हा नऊ पडल्या, तर दर फ्रेमला दहा आणि पुढच्या फेकीचे नऊ असे १९० होतात. शंभर गुणांचा फरक आणि स्ट्राइक एकही नाही.

स्पेअरसाठी प्रसिद्ध हिशेब ३-६-९ चा आहे. लक्ष्य तेच ठेवून, डावीकडच्या पिनांसाठी पाय उजवीकडे न्यायचे : दुसऱ्या पिनसाठी तीन फळ्या, चौथीसाठी सहा, सातवीसाठी नऊ. उजवीकडच्या पिनांसाठी उलट : तिसरीला तीन, सहावीला सहा, दहावीला नऊ फळ्या डावीकडे. पावले मात्र लक्ष्याकडे तोंड करून टाकायची, नाहीतर हिशेब चुकतो.

हा हिशेब वळणाऱ्या बॉलवर उभा आहे आणि जुनी लेन वळणाचा भरवसा देत नाही. म्हणून कोपऱ्यातल्या पिनांसाठी, विशेषतः दहावीसाठी, प्लास्टिकचा बॉल घ्या, अगदी डावीकडे उभे राहा आणि चौथ्या बाणाच्या आसपासून लेन तिरकी कापत जोरात सरळ मारा. तिरक्या मार्गात बॉल बराच वेळ मधल्या, कमी झिजलेल्या फळ्यांवर राहतो आणि चाकोरी लागलीच तर ती आडवी ओलांडतो, तिच्यात शिरत नाही. मी ज्या दिवशी फक्त दहाव्या पिनवर तासभर घालवला, त्या दिवसाचा मला इतर कोणत्याही सरावापेक्षा जास्त फायदा झाला.

पिना वाकड्या उभ्या राहिल्या असतील तर फेकण्याआधी पुन्हा लावून मागा. जुनी यंत्रे एखादी पिन जागेपासून बाजूला ठेवतात. त्यात संकोच करण्याचे कारण नाही.

९. प्रत्येक लेनला वेगळे पान द्या

लीगमध्ये दोन शेजारच्या लेनवर आळीपाळीने एकेक फ्रेम खेळावी लागते. एका लेनवर जमलेली जागा घेऊन दुसऱ्या लेनवर जाणे ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली आणि सर्वांत जास्त वेळा केलेली चूक आहे. दोन्ही लेन वेगळ्या गावच्या आहेत असे समजून खेळा. वळून खुर्चीकडे येताना आकडा वहीत लिहा, डोक्यात ठेवू नका.

माझ्या वहीतले एक पान असे आहे : “लेन ३. ऑगस्ट, दिवसभर पाऊस. ॲप्रोच चिकट. तेल सकाळचे. पाय २६, नजर १६, चाकोरीबाहेर आतून. दुसऱ्या गेमच्या मध्यापासून बॉल उजवीकडे राहू लागला, पाय २४, नजर १५. दहावी पिन पाचपैकी चार.” शेजारच्या चार नंबरच्या पानावर त्याच दिवशी पाय २०, नजर १० असे आहे. हवा, तेलाची वेळ, पाय, नजर आणि बदल कधी करावा लागला, एवढ्या पाच नोंदी पुरेशा आहेत.

कधीतरी हॉलवाले लेन घासून, सपाट करून नवा थर देतात. दर वेळी लाकूड थोडे कमी होते, म्हणून खिळे वर दिसू लागेपर्यंतच हे करता येते. त्यानंतर पहिले काही आठवडे वहीतले जुने आकडे निरुपयोगी ठरतात, पण ती पाने फाडू नका, फक्त वर तारीख टाकून एक आडवी रेघ मारा. खेळणारे तेच, त्यांचा दुसरा बाणही तोच. आमच्या तीन नंबरवर नव्या थरानंतर दुसऱ्या पावसाळ्यात मी पुन्हा पाय २६, नजर १६ वर आलो होतो.